रिकामा डबा परत करू नये

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत एक पद्धत आहे. परदेशी जाऊन आलेल्या माणसाने, आठवणी ताज्या आहेत तोवर, तळमजल्याच्या सभागृहात चित्रांसह व्याख्यान द्यायचं. सभागृह म्हणजे स्कूटर बाहेर काढल्यावर उरणारी जागा. आजवर तिथे स्वित्झर्लंड, सिंगापूर आणि मुलाचं अमेरिकेतलं घर या विषयांवर व्याख्यानं झाली आहेत. शेवटच्या विषयावर अनेकदा. व्याख्यानानंतर आभारप्रदर्शन असतं आणि ते व्याख्यानापेक्षा लांब असतं.

आम्ही जपानहून परतलो त्याच आठवड्यात सेक्रेटरी वर आले. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत, पण वागण्यावरून तसं वाटत नाही.

"विषय ठरवून टाकलाय," ते म्हणाले. "जपानकडून आपण काय शिकावं. शिस्त, स्वच्छता, वक्तशीरपणा. हवं तर शेवटी बुलेट ट्रेन."

"मी तिथे बहुतेक वेळ एक डबा घेऊन जिना चढत-उतरत होतो."

"तेही सांगा की ओघात."

ते ओघात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

आमची मुलगी टोकियोत सॉफ्टवेअरचं काम करते. दिवाळीच्या आधी तिच्या कंपनीने तिला विचारलं, की पुण्याच्या ऑफिसात वरची एक जागा रिकामी होते आहे, येणार का? नोव्हेंबर संपायच्या आत उत्तर हवं होतं. ऑफिस खराडीला, म्हणजे येरवड्याच्याही पुढे. आमच्या लहानपणी येरवड्याला माणूस आपणहून जात नसे, आणि गेलाच तर शिक्षा संपल्याशिवाय परत येत नसे. पण बायकोचं म्हणणं असं, की टोकियोपेक्षा खराडी जवळ आहे. भूगोलाच्या दृष्टीने यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मुलीने हे सगळं फोनवर सांगितलं आणि स्वतःचं काय ठरलंय ते सांगितलं नाही. "बघते," एवढंच म्हणाली. बायकोने दुसऱ्याच दिवशी तिकिटांची चौकशी केली. "जरा तिचं घर बघून येतो," असं ती इमारतीत सांगत होती. मला तिने खरं कारण सांगितलं.

"तिला घेऊन येऊ."

"ती काही सूटकेस नाही."

"सूटकेस असती तर तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं."

असं ठरलं, की योग्य वेळ पाहून विषय तिने काढायचा आणि मी मध्ये बोलायचं नाही. हे काम माझ्याकडे लग्नापासून आहे.

मुलगी राहते तो भाग टोकियोच्या चित्रांत कधी दिसत नाही. तिथे दिव्यांच्या जाहिराती नाहीत, उंच इमारती नाहीत. दोन मजली लाकडी घरं, एका वेळी एक सायकल आणि एक मांजर जाईल एवढ्या गल्ल्या, आणि थोड्या थोड्या अंतरावर देवळं. कसबा पेठ झाडूनपुसून घेतली, भोंगे उतरवले आणि सगळ्यांना हळू बोलायची शपथ घातली तर साधारण असं दिसेल. दुकानदार तसेच दारात बसलेले. एक बांबूच्या टोपल्या विणत होता, एकाकडे फक्त झाडू होते, आणि एक नुसता बसला होता. तो काय विकतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक आलं की सगळे "या" म्हणायचे, पण त्यात आग्रह नव्हता. कुणालाच घाई नव्हती. जपानबद्दल मी जे वाचलं होतं त्यात घाई बरीच होती. ती बहुधा दुसऱ्या भागात असते.

मुलगी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मुलगी आमच्याशी बोलताना त्यांना "खालच्या आजी" म्हणते. बुटक्या, ताठ आणि कमी बोलणाऱ्या. बोलल्याच तर वाक्य संपायच्या आत दार बंद होईल की काय असं वाटायचं. सदाशिव पेठेत त्यांना कुणी परकं मानलं नसतं.

दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणून आम्ही फराळ नेला होता. पहिल्याच संध्याकाळी बायकोने स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि मला खाली पाठवलं. या डब्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. तिच्या मावशीने तो मंगळागौरीला दिला होता. आमच्या इमारतीत कुणाकडे आपला कुठला डबा अडकला आहे, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. डबा परत न करणं ही तिच्या मते माणसाच्या घसरणीची सुरुवात असते, पुढचं सगळं त्यातून येतं.

आजींनी दार उघडलं. डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेतून वाकल्या. मी वाकलो. त्या पुन्हा वाकल्या, मग मीही. यात शेवट कुणी करायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी माझ्या पाठीने निर्णय घेतला.

सकाळी डबा आमच्या दारात. घासून पुसून लख्ख केलेला, निळ्या छापील कापडात गाठ मारून बांधलेला. आत केशरी फळं, दिसायला टोमॅटो, चवीला चिकूच्या नात्यातली.

"बघा," बायको म्हणाली. "रिकामा नाही पाठवला. घर चांगलं आहे."

मग तिच्या लक्षात आलं, की कापड त्यांचं आहे आणि ते परत द्यायला हवं. नुसतं कापड कसं द्यायचं? त्याच कापडात, त्याच डब्यातून चिवडा गेला. सकाळी डबा आला, त्यात उकडलेले भोपळ्याचे तुकडे. शंकरपाळे गेले, मुळ्याचं लोणचं आलं. चकल्या गेल्या, आणि दुपार व्हायच्या आत काळ्या तिळाच्या वड्या आल्या. मी जिन्यावर असायचो.

"आई, आता थांब," मुलगी म्हणाली. "इथे कुणी काही दिलं की परत द्यावंच लागतं. नाही दिलं तर त्यांना चैन पडत नाही."

"मग आपल्यात काय वेगळं आहे? रिकामं भांडं परत करू नये."

"तेच सांगतेय. त्यांना थांबता येत नाही आणि तू थांबत नाहीस."

"त्या मोठ्या आहेत. आधी त्यांनी थांबावं."

आमच्या इमारतीत दर दिवाळीला हेच होतं, पण तिथे त्याला मर्यादा आहे: इमारत संपते. फराळाचं ताट सगळ्या मजल्यांवरून फिरून परत येतं, कधी कधी आपल्याच चकल्या घेऊन. इथे दोनच घरं होती आणि दोन्ही बाजू दमत नव्हत्या.

विकतचं काही पाठवायचं नाही हा बायकोचा नियम. फराळ तळाला लागला तेव्हा त्या नियमात "निदान बघून तरी येऊ" अशी दुरुस्ती झाली. त्या भागात आम्ही जे काही पाहिलं ते डब्यात काय घालता येईल याच्या शोधात पाहिलं. जगप्रसिद्ध गोष्टी त्यामुळे राहून गेल्या. डब्यात मावणाऱ्या बहुतेक सगळ्या बघून झाल्या.

एका कोपऱ्यावर बटाट्याचे वडे तळत होते आणि लोक रांगेत उभे होते. आत मांस नसलेले मुलीने विचारून घेतले. तेल कशाचं होतं ते मी विचारलं नाही. मध्ये बोलायचं नाही असं ठरलंच होतं.

बायकोने एक घास खाऊन विचार केला. "वडाच आहे. मिरची घालायची राहिली आहे."

"आई, ते तसंच असतं."

"सांग तरी त्यांना. वाईट नाही वाटणार."

मुलगी त्या माणसाशी काहीतरी बोलली. तो आनंदाने वाकला. ते मिरचीबद्दल नव्हतं याची मला खात्री आहे.

पुढे एक मिठाईचं दुकान होतं. तांदळाची पांढरी पारी आणि आत लाल कडधान्याचं गोड पुरण. बायकोने ते पारी वेगळी, पुरण वेगळं असं तपासून खाल्लं. "वेलदोडा नाही, जायफळ नाही. घाईत केलंय." दारावरची पाटी मुलीने वाचून दाखवली: आम्ही हे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतो. "पिढ्यान्‌पिढ्या घाईत," बायको म्हणाली. एकादशीला मात्र एका गाडीवर भाजलेलं रताळं मिळालं, साल काळी आणि आत मधासारखं. त्या दिवशी तिने जपानला पहिल्यांदा मनापासून मान्यता दिली.

जुन्या कपड्यांची दुकानंही बरीच होती. तरुण मुलं लांबून येऊन तिथे कोपरात विरलेले कोट घालून बघत होती. आमच्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन भांडं घेतात, आणि तीही चार साड्या नाकारून मगच देते. बायको हँगरवरच्या फाटक्या बाह्या बोटांत धरून बघत राहिली. "माझ्या कपाटात असं एक दुकान निघेल," ती म्हणाली. "तुमच्या कपाटात दोन."

मग आम्ही एक कलादालन पाहिलं. ते पूर्वी सार्वजनिक न्हाणीघर होतं. न्हाणीघरं बंद पडल्यावर त्यातल्या एकात कला आली. आत उंच छत, सुंदर निळ्या फरशा, आणि मधोमध वाळूचा ढीग, त्यावर टांगलेला एक दिवा.

"काम चालू आहे का अजून?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं. आमच्या गल्लीत असा ढीग बिल्डरचा असतो आणि तोही बराच काळ प्रदर्शनात असतो.

"आई, हेच आहे प्रदर्शन."

दाराशी माहितीचा कागद होता. मुलगी भाषांतर करू लागली: उपस्थितीची अनुपस्थिती, काळाचं झिरपणं. मी तिला थांबवलं. हे मी पुण्यात मराठीतून वाचलेलं आहे आणि तिथेही कळलं नव्हतं. पण इथे चित्रकार स्वतः शेजारी उभा राहून समजावत नव्हता, अध्यक्षांना शाल देत नव्हते, समईच्या वाती सरळ करायला कुणी धावत नव्हतं. वाळू होती, ती बघायची आणि जायचं. मला आवडलं. बायकोने वाळू बघितली नाही, फरशा बघितल्या. "पुसायला सोप्या," ती म्हणाली.

तिथून निघालो तेव्हा महिन्याची अखेर जवळ आली होती, आणि कॉफीच्या एका दुकानात बायकोला योग्य वेळ सापडली. दुकान जिन्याखालच्या खोलीएवढं. भिंतीवर एक पाटी. मुलीने अर्थ सांगितला: मोठ्याने बोलू नये. फोनवर बोलू नये. फोटो काढू नयेत. कॉफीला वेळ लागतो, विचारू नये.

मला अचानक घरी आल्यासारखं वाटलं. "बाबा, तुला इथे करमेल," मुलगी म्हणाली.

"आणि तुला?" बायकोने विचारलं. "त्या खराडीचं काय ठरवलंस?"

आवाज तिच्या मते हळू होता. मालकाने मान वर केली आणि पाटीकडे बघितलं, आमच्याकडे नाही. हे मी पुण्यात अनेकदा अनुभवलं आहे, पण इतकं अचूक नाही.

"आई, इथे नको."

"मग कुठे? घरी तू लॅपटॉपवर, रस्त्यात तू पुढे चालतेस."

"बघते म्हटलं ना."

कॉफी आली. वेळ खरोखरच लागला होता. आम्ही ती पाटीत सांगितल्याप्रमाणे प्यायलो.

घरी आल्यावर बायकोने पुरणपोळ्या केल्या. हरभऱ्याची डाळ ती कुठेही जाताना बरोबर नेते. गूळ त्याच गल्लीत मिळाला होता, काळा, खडे खडे असलेला, तिथल्या दक्षिणेकडच्या बेटांवरचा. वेलदोडा भरपूर घातला; मिठाईच्या दुकानाला ते उत्तर असावं. कणकेपासून तुपापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. अशा पोळ्या चांगल्याच होतात. डबा भरला, निळं कापड बांधलं, मी खाली गेलो, वाकलो, आलो.

दुसऱ्या दिवशी डबा दारात नव्हता. दुपार गेली. बायको दोनदा जिन्यात डोकावून आली.

"थांबल्या वाटतं," मी म्हणालो.

"थांबल्या तरी डबा द्यायला नको?"

संध्याकाळी जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि आजी स्वतः वर आल्या. पहिल्यांदाच. डबा दोन्ही हातांत, निळ्या कापडात, आणि जड दिसत होता. मुलीने पुढे होऊन घेतला. आजी तिच्याशी चार वाक्यं बोलल्या, आमच्याकडे बघून वाकल्या आणि आम्ही नीट वाकायच्या आत उतरायलाही लागल्या.

बायकोने झाकण उघडलं आणि मागे झाली. आत ओल्या मातीसारखं काहीतरी होतं, गच्च भरलेलं. वास आंबूस, ताकाच्या जुन्या मडक्यासारखा.

"हे काय दिलंय?"

"भाताचा कोंडा," मुलगी म्हणाली. "मीठ-पाण्यात भिजवून मुरवलेला. त्यात मुळा, काकडी पुरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढायची. त्या लोणचं पाठवत होत्या ना, ते यातलंच. त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलाय. मूळ खालच्या बरणीत आहे, त्यातला थोडा काढून दिलाय."

"म्हणजे विरजण."

"हो. तसंच."

हे बोलता बोलता तिने बाही वर केली, हात धुतला आणि डब्यात घातला. तळाचं वर आणलं, वरचं खाली नेलं, कडेचं मध्ये ओढलं. मग तळहाताने थापून सपाट केलं आणि डब्याच्या कडा ओल्या फडक्याने आतून पुसल्या. हे करताना ती डब्याकडे बघतही नव्हती.

बायको मात्र तिच्या हाताकडे बघत होती. तिने मुलीला विरजण लावायला शिकवायचा बराच प्रयत्न केला होता. दूध कोमट झालं का हे बोटाने कळतं, हे सांगून सांगून ती थकली होती. दही दुकानात मिळतं, असं मुलीचं त्यावर उत्तर असायचं.

"कधीपासून करतेस हे?"

"एप्रिलमध्ये आजींचा हात मोडला तेव्हापासून. रोज ढवळावं लागतं, नाहीतर मरतं. मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी खाली जाऊन ढवळायची."

"हात बरा झाला ना त्यांचा?"

"केव्हाच."

"मग?"

"मग काय? सवय झाली." तिने हात नळाखाली धरला. "सकाळी खाली जाते. ढवळते. त्या चहा देतात. काही बोलत नाहीत फारसं. मग मी जाते."

"आमच्याकडे विरजण म्हटलं की दह्याची पिशवी आण म्हणायचीस."

"तू शेजारी उभी राहून बघायचीस, आई."

यावर मी मध्ये बोललो नाही. हे चोख काम करण्याची ती योग्य वेळ होती.

बायको डब्याकडे वळून म्हणाली, "मग हे आत्ता का दिलं? डब्यात घालून? आम्ही तर निघालो."

"तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी दिलंय." मुलगी हात पुसत राहिली. "त्यांना मी पुण्याचं सांगितलं होतं. त्यांना वाटतंय, तुम्ही मला न्यायला आलात. म्हणाल्या, डबा तुझ्या आईचा आहे, घट्ट आहे, विमानात सांडणार नाही. तिकडे जाऊन मोठ्या बरणीत वाढव."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बघते म्हणाले."

खाली आजींच्या घरात भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काही नाही. बायकोने डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं, जिथे तिचं नाव कोरलेलं आहे. कोंडा त्या अक्षरांच्या अगदी जवळपर्यंत आला होता, पण बाहेर काही लागलेलं नव्हतं.

"आपल्याकडे मे महिन्यात याचं काय होईल?" तिने विचारलं.

"फार आंबेल. लक्ष द्यावं लागेल. टिकेलही कदाचित."

"आणि खाली त्यांच्या बरणीचं?"

मुलीने ओलं फडकं पुन्हा पिळलं.

"मग नको न्यायला," बायको म्हणाली. ती नुसती कोंड्याबद्दल बोलते आहे असं मी समजलो असतो, पण तिने झाकण लावलं, नीट दाबलं आणि पुढे म्हणाली, "ऑफिसला कळवून टाक. महिना संपत आलाय. लोकांना ताटकळत ठेवू नये."

"आई..."

"आणि त्यात मुळा घातलास तर देठ काढून घाल. मागच्या वेळच्या लोणच्यात माती लागली दाताला."

मुलगी रडली नाही, पण तिने लॅपटॉप उघडला नाही आणि पुढेही चालली नाही. दोघी ओट्याशी उभ्या राहून उरलेल्या पुरणपोळ्या खात होत्या. मी गेलो नाही. ओट्यापाशी दोघींपुरतीच जागा होती.

निघायच्या दिवशी मोठा प्रश्न उरला. डब्यात कोंडा होता, म्हणजे डबा तिथेच राहणार होता. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा एक डबा कुणाकडे आपणहून सोडला. हे तिने शांतपणे घेतलं, कारण तिच्या हातात निळं कापड होतं.

"दे ते," मुलगी म्हणाली. "मी देते आजींना."

"नुसतं?"

"आई, आता काय घालणार त्यात? टॅक्सी आलीय."

"म्हणूनच आत्ता देत नाही," बायको म्हणाली आणि कापडाची घडी करून पर्समध्ये टाकली.

आजी दारात उभ्या होत्या. त्या वाकल्या, बायको वाकली. त्या पुन्हा वाकल्या, बायकोही. टॅक्सीवाला घड्याळाकडे बघत होता. टोकियोत असलेली घाई मला तिथे पहिल्यांदा दिसली. शेवट कुणी केला ते सांगता येत नाही. टॅक्सी वळली तेव्हा बायको आत बसल्या बसल्या अजून वाकत होती. मागे वळून पाहिलं तेव्हा आजीही वाकलेल्याच होत्या आणि मुलगी त्यांच्या शेजारी उभी होती, बाही वर केलेली.

सेक्रेटरींना मी सांगितलं, की शिस्त आणि स्वच्छता यांबद्दल मला काही कळलं नाही, बुलेट ट्रेनमध्ये बसलो नाही. ते नाराज झाले. रिकामी तारीख त्यांनी मुलाच्या अमेरिकेतल्या घराला दिली.

निळं कापड आमच्या कपाटात, बायकोच्या चांगल्या साड्यांवर आहे. परवा तिने हरभऱ्याची डाळ दळून आणली. भाजताना वास जिन्यापर्यंत गेला, आणि दिवाळी तर कुठेच जवळ नाही, मग लाडू कसले, असं शेजारच्या बाई विचारायला आल्या.

"अहो, एप्रिलमध्ये तिथे थंडी असते का हो?" बायकोने कढईवरून नजर न काढता मला विचारलं.

"माहीत नाही."

"विचारून ठेवा."